सहा घरांचा गॅस

१

सोमवारी सकाळी सहा वाजता सहजीवन सोसायटीतल्या सहा घरांत काड्या ओढल्या गेल्या आणि एकही शेगडी पेटली नाही.

मी तेव्हा गोबरगॅसच्या टाकीपाशीच उभा होतो. मी म्हणजे रुपराव भोयर, रेल्वेच्या मालधक्क्यावरून मागच्या साली रिटायर झालेला हेडक्लार्क आणि सोसायटीचा सचिव. लिहिताना मी शुद्ध लिहितो, बत्तीस वर्षं तेच केलं. बोलणं मात्र ज्याचं जसं झालं तसंच देणार. नागपूरच्या माणसाच्या तोंडी पुण्याची भाषा घातली की मला ते नाटक वाटतं.

ज्यांनी गोबरगॅस पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एक बांधलेली विहीर, तीत शेण आणि पाण्याचा काला, आणि त्यावर उपडी घातलेली लोखंडी टाकी. आत गॅस झाला की टाकी वर उचलते, गॅस वापरला की खाली बसते. रविवारी संध्याकाळी टाकी माझ्या छातीएवढी वर होती, मी डोळ्यांनी पाहिली. सोमवारी ती पार विहिरीच्या काठाला टेकली होती.

शेणाची टोपली डोक्यावर घेऊन जिजाबाई आली आणि तशीच उभी राहिली. "भाऊ, टाकी काहून बसली?"

"मले काय माहीत वं," मी म्हटलं. "आताच पाहून राहिलो."

तिनं टोपली खाली ठेवली नाही. तिचा चेहरा उतरला, आणि का ते मला ठाऊक होतं. जिजाबाई विधवा, चार म्हशी हेच तिचं सगळं. दुधावर तिचं पोट चाले आणि शेणावर आमची सहा घरं. दोन महिन्यांपूर्वी आरोग्य खात्याची नोटीस आली होती, म्हशी वस्तीबाहेर न्या म्हणून. आमचे अध्यक्ष नानाजी डाखोळे धावपळ करून मुदत घेऊन आले. शेण नालीत न जाता गॅसच्या टाकीत जातं हे साहेबांना दाखवायचं, मग म्हशी राहतील. साहेब गुरुवारी अकरा वाजता येणार होते. ज्योत दिसली नाही तर आठ दिवसांत म्हशी बाहेर, आणि जिजाबाई उमरेडला भावाच्या दारात. तो भाऊ आधी म्हशी विकेल आणि मग बहिणीला भाकर देईल, हे तीच मला सांगायची.

"होईन काहीतरी," मी म्हटलं. "तू काला टाक."

सात वाजता घरी आलो. कॉलनीत नुसता गोंधळ होता. कोणी लाकडं शोधतं, कोणी जुनी चूल उकरतं, कोणी घासलेटसाठी डबा घेऊन पळतं. आमच्याकडे मात्र माझी बायको अंजनाबाई पुढच्या ओसरीवर पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या चुलीसमोर बसली होती, आणि चहाचा गंज चुलीवर उकळत होता. गंजाच्या बुडाला मातीचा लेप, म्हणजे काजळी भांड्याला धरत नाही. बाईचं सगळं काम असं टापटिपीचं. तिनं कप पुढे केला, काय झालं ते विचारलंसुद्धा नाही. ती मुळातच कमी बोलते. मी मनात म्हटलं, नानाजीच्या घरी अजून चहा नसेल, आणि तो कप मला फार गोड लागला.

२

दुपारी नानाजीच्या अंगणात बैठक बसली. नानाजी म्हणजे रिटायर हेडमास्तर. अजूनही समोरच्याला बाकावर उभं केल्यासारखं बोलतात.

आता खरं ते सांगून टाकतो. हा माणूस मला बघवत नव्हता. गोबरगॅसची कल्पना कमिटीत पहिल्यांदा मी मांडली. सगळं लोखंडी काम केलं शालिकरामनं, तो उमरेडच्या खाणीत फिटर आहे. आणि पेपरात फोटो आला तो नानाजीचा, टाकीवर हात ठेवून, जणू टाकी यांनीच वितळवून ओतली. खाली लिहिलं होतं, 'शहराला वाट दाखवणारे हेडमास्तर.' तो पेपर त्यांनी चौकटीत घालून बैठकीच्या भिंतीवर लावला. त्यांच्या घरी गेलं की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायचो.

"टाकी आपोआप बसत नाही," नानाजी म्हणाले. "कोणीतरी जहर टाकलं. मोरचूद म्हणा, फिनेल म्हणा. आतले जंतू मेले, गॅस बंद झाला. मी वाचलेलं आहे."

"कोण टाकीन?" कोणीतरी विचारलं.

"ज्याचं नुकसान होते तो. चौकातला ओमप्रकाश पाहा. सहा घरं त्याच्याकडून लाकूड घेत होती, घासलेट घेत होती, ती तुटली. शालिकराम पाहा. फोटोत नाव नाही आलं म्हणून सहा महिने झाले, माह्याशी बोलत नाही."

"त्याचं चुकलं काय?" मी म्हटलं.

नानाजीनं चष्मा काढला. "मी तिसरं नाव घेणारच होतो. रोज सकाळी टाकीजवळ कोण राह्यते? एकटा कोण राह्यते? आन माह्या फोटोवर कोण जळते, हे साऱ्या कॉलनीले माहीत आहे. रुपराव, सांग बरं, तू काय टाकलं त्याच्यात?"

मी जिजाबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती.

३

त्या दिवशी माझ्या बाजूनं एकच माणूस बोललं. जयवंता गणवीर.

ही बाई सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. छप्पनच्या दीक्षेला ती बारा वर्षांची होती, बापाचा हात धरून गेली होती. त्या दिवशी बापानं सांगितलं, आता कोणी सांगते म्हणून काही मानायचं नाही, आणि ते तिनं फारच मनावर घेतलं. डॉक्टरच्या रिपोर्टावरसुद्धा ती 'पुन्हा तपासा' लिहिते. कॉलनीत तिला लोक जरा बिचकूनच असतात.

"नानाजी, जंतू मेले हे तुमी पाह्यलं?" तिनं विचारलं.

"दिसते ना समोर."

"समोर टाकी बसलेली दिसते. जंतू मेलेले नाही दिसत." ती उठली. "मले गुरुवारपर्यंत द्या. रुपरावजी, चाला माह्यासंगं."

आधी ती विहिरीवर गेली. सलाईनच्या रिकाम्या बाटलीत तळचा काला भरून घेतला आणि बाटलीच्या तोंडावर एक गुलाबी फुगा दोऱ्यानं घट्ट बांधला. मग बाटली आपल्या गच्चीवर उन्हात ठेवली.

"हे काय पोरखेळ?" मी म्हटलं.

"पाहू ना. घाई काहून?"

मग आम्ही चौकात गेलो. ओमप्रकाशच्या टालावर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, एक ओंडका नव्हता. तो रिकाम्या जागेत खुर्ची टाकून कपाळाला हात लावून बसला होता.

"देखो बाई," तो म्हणाला, "लोग बोल रहे, मैंनं किया. अरे, मले मालूम राह्यतं तं माल नाही भरून ठेवलं असतं मैंनं? सोमवारी सक्काळी पाच घरं एकदम आले, आन माह्याकडे दीड मण लाकूड. एका घंट्यात सफाचट. बाकीचे गेले गोपालच्या टालावर. दो साल गिऱ्हाईक की राह देखी, आन आलं तं माल नाही. माह्यासारखा उल्लू कोण आहे?"

गोपालच्या टालाचं नाव घेताना त्याच्या तोंडाची चव गेली होती.

बाहेर आल्यावर जयवंताबाई म्हणाली, "याचं नाव काटा."

"काहून? जळते तं तोही."

"जळणारे सारेच आहेत, रुपरावजी. तुमी नाही जळत? ज्यानं हे केलं त्याले रविवारीच माहीत होतं की सोमवारी गॅस राह्यणार नाही. याले माहीत नव्हतं. याचं टाल रिकामं होतं. आपल्याले असा माणूस पाहिजे जो सोमवारी सकाळी तयार होता."

मी मान डोलावली. इतकी साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात काही शिरली नाही. मी तेव्हाही नानाजीचाच विचार करत होतो. हा स्वतःच टाकी बंद पाडून स्वतःच चालू करून दुसरा फोटो छापून आणेल असं मला मनापासून वाटत होतं.

मंगळवारी तिनं साबणाचं पाणी करून टाकी सगळीकडून पुसली. गॅस गळत असता तर बुडबुडे आले असते. एक बुडबुडा आला नाही. मग सहाही घरांच्या शेगड्या, नळ्या, सांधे. तिथंही काही नाही. प्रत्येक घरच्या बाईला तिनं एकच प्रश्न विचारला. "तुमची ज्योत कधी फडफडते काय? पाणी आल्यासारखी?"

पाचही जणी म्हणाल्या, नाही, कधीच नाही. सहावं घर आमचं. अंजना भाकरी थापत होती. तिनंही मान हलवली.

"कधीच नाही?" जयवंताबाईनं पुन्हा विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नवल आहे."

"कायचं नवल? चांगलं चालते म्हणून नवल?"

ती आमच्या ओसरीवरची चूल फार वेळ पाहत राहिली.

४

बुधवारी सकाळी आठ वाजता तिनं मला गच्चीवर बोलावलं. बाटलीच्या तोंडावरचा गुलाबी फुगा टम्म फुगून उभा होता. तिनं काडी ओढली, फुग्याचं तोंड सैल केलं आणि हवा काडीवर सोडली. निळी ज्योत लपकन लागली आणि विझली.

"जंतू जिवंत आहेत," ती म्हणाली. "जहर-बिहर कोणी काही टाकलं नाही. विहिरीत गॅस रोज होऊन राहिला. टाकी धड आहे, शेगड्या धड आहेत. मंग गॅस जाते कुठी?"

"मधात," मी म्हटलं. "पाइपातून."

"आता कसं बोलले. गरम गॅस पाइपात थंड झाला की त्याच्यातल्या वाफेचं पाणी होते. ते पाणी साचलं की ज्योत फडफडते. आठ-पंधरा दिवसांनी ते काढाच लागते. दोन वर्षं कोणाचीच ज्योत फडफडली नाही, म्हणजे कोणीतरी ते पाणी इमानदारीनं काढून राहिलं. कोण?"

मी सचिव. महिन्याच्या महिन्याला मी टाकीचा अहवाल लिहीत होतो. आणि पाइपातून पाणी काढावं लागतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नानाजी तर पाहुण्यांना सांगत, हिला शेण आणि पाणी सोडून काही लागत नाही.

शालिकराम आदल्या संध्याकाळीच एसटीनं उमरेडहून आला होता. शनिवारपासून खाणीत ओव्हरटाइमला होता, तीन सोबती साक्षीला. त्याच्या अंगणात आम्ही गेलो तेव्हा तो सायकल उलटी करून चाकाच्या तारा आवळत होता. आम्हाला बसा म्हणाला नाही.

"मले आठवण झाली काय आता? हेडमास्तरले विचारा ना. त्यानं बनवली टाकी. पेपरात आहे."

"त्याले काही येत नाही, शालिकरामभाऊ," जयवंताबाई म्हणाली. "म्हणून तं तुमच्याकडे आलो."

हे वाक्य त्याच्या पोटात उतरायला जरा वेळ लागला. मग त्यानं पान्हा खाली ठेवला. "टाकीजवळची मेन कळ बंद करून पाह्यली काय कोणी?"

कोणीच पाहिली नव्हती. तीन दिवस सारे जहर शोधत होते.

"करायची ना बंद. टाकी वर आली असती तं समजलं असतं पाइप गळते म्हणून. पोराले समजते हे." सहा महिन्यांत इतकं समाधान त्याला झालं नसावं. "पाणी काढायची कळ मी बसवली आहे. उताराच्या सर्वांत खालच्या जाग्यावर. तिथंच पाणी जमते."

"अन ती जागा कुठी आहे?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी मस्करी करत आहे. "तुमच्या परसात, रुपरावजी. कपडे धुवायच्या फरशीखाली. तुमी ऑफिसात होते तवा, मी वहिनीले दाखवून ठेवली."

५

आम्ही तिथून सरळ माझ्या घरी आलो. अंजना चक्कीवर दळण आणायला गेली होती, घरात कोणी नव्हतं. जयवंताबाई ओसरीवर चुलीसमोर टेकली.

"कळ सैल पडली असंल," मी म्हटलं. "आपोआप."

"मीही तेच म्हटलं असतं. बसा, रुपरावजी." तिचा आवाज मऊ झाला होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "सोमवारी सकाळी सात वाजता तुमी इथं चहा प्याले. तुमीच मले सांगतलं, नानाजीच्या आधी चहा प्यालो म्हणून. चूल पोतारलेली होती ना? वाळलेली?"

"होती."

"गंजाले मातीचा लेप होता?"

"होता ना. ती नेहमी..." मी थांबलो. गॅसवर लेप कोण लावतं? दोन वर्षं आमचे गंज आरशासारखे होते.

"ओली माती चुलीवर ठेवली तं गळून पडते. लेप वाळाले रात्र लागते. चूल वाळालेही रात्र लागते. बाकी पाच घरी मी भांडे पाह्यले, पाचही घरी सोमवारचे गंज बुडापासून काळे. टापटिपीची बाई आहे तुमची, भांड्याले काजळी लागू द्याचं तिच्या जिवावर आलं. आन चूल तिनं परसात नाही मांडली. तुमची जुनी चूल कुठी होती?"

"परसात," मी म्हटलं.

"मंग पुढं काहून मांडली?"

आम्ही परसात गेलो. भिंतीपलीकडेच टाकी आणि जिजाबाईच्या म्हशी. धुण्याची फरशी सरकवायला मला दोन्ही हात लावावे लागले. खाली विटांचा वीतभर खड्डा, त्यात पाइपाला बसवलेली पितळी कळ. बारीक फुस्स आवाज येत होता आणि तोच कुबट वास, जो दोन दिवस मी म्हशींचा समजत होतो. इथं चूल पेटवली असती तर काय झालं असतं हे अंजनाला कळत होतं. मला नव्हतं कळत.

मी हात पुढे केला. जयवंताबाईनं तो धरला.

"थांबा. हे कोणी बंद करायचं ते तुमच्या घरानं ठरवावं. मी कोणाले नाव सांगणार नाही. पण बारा वाजले आहेत, उद्या अकराले साहेब येतात. टाकीले वर याले वेळ लागते. एका तासाच्या वर मी थांबू शकत नाही."

ती गेली. मी वळलो तर परसाच्या दारात पिठाचा डबा काखेत घेऊन अंजना उभी होती.

६

"तूच उघडली?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. डबा तिनं हळूच खाली ठेवला. "रविवारी. सारे झोपाच्या आधी."

"काहून वं?"

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं पदर खोचला आणि एका दमात बोलली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण इतकं सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"पहाटी चारले नळ येते. मी सोळा बादल्या भरते. कमरेत उसण भरली होती त्या साली, तरी मीच भरल्या. तुमी कधी एक बादली उचलली? मी म्हटलं, जाऊ दे, ऑफिसचा माणूस आहे. रिटायर झाले, मले वाटलं, आता दोन शब्द बोलतीन. तं तुमी दुसऱ्याच दिवसापासून उठून त्या बाईच्या टोपल्याले हात लावता. शेण कालवता. घरी ताटात केस निघाला तं उठून जाणारा माणूस कोपरापर्यंत शेणात. आन हसता. तुमाले हसता येते हे मले या भिंतीमागून समजलं."

"ती मले भाऊ म्हणते, अंजना."

"म्हणो ना. मी 'अजी, आइकता काय' म्हणते, तं तुमी आइकत नाही."

मला नानाजीचा फोटो आठवला. सहा महिने मी जळलो होतो तो एका कागदावर, आणि माझ्या घरात माझ्यापायी कोणी जळत आहे याचा मला पत्ता नव्हता. मला राग आला होता, आणि लाजही वाटत होती, आणि कुठंतरी खोल, सांगू नये पण सांगतो, बरंही वाटलं.

"म्हशी जातीन, ती उमरेडले जाईन, असंच वाटलं मले," ती म्हणाली. "सोमवारी बरं वाटलं. काल तुमी बाहेर होते तं ती आली. म्हणे, माह्या म्हशीची वगार तुमच्याकडे ठेवून घ्या बाई, तिकडं नेली तं भाऊ विकून टाकीन. कॉलनीत तुमच्याशिवाय कोणावर भरोसा नाही म्हणे. माह्या हातचा चहा प्याली, कप धुऊन ठेवून गेली." तिनं खाली ठेवलेल्या डब्याचं झाकण उगाच दाबलं. "मंग मी आज पहाटी आले इथं बंद कराले. फरशीले हात लावला, आन भिंतीमागून तुमचा आवाज आला. तुमी तिले धीर देऊन राहिले होते. किती गोड बोलून राहिले होते. मी हात काढून घेतला."

कळीचा फुस्स आवाज दोघांच्या मधे चालूच होता.

मी खड्ड्यावर वाकलो. कळ कोणत्या बाजूनं फिरते तेही मला ठाऊक नव्हतं. उजवीकडे दाबली, हलली नाही. अंजना आली, मला खांद्यानं बाजूला सारलं आणि दोन बोटांनी ती बंद केली.

७

संध्याकाळी पुन्हा बैठक बसली. तोवर टाकी चार बोटं वर आली होती आणि जिजाबाई तिच्याजवळून हलायला तयार नव्हती. तिला हाताला धरून आणावं लागलं.

जयवंताबाईनं थोडक्यात सांगितलं. जहर नव्हतं, पाइपातलं पाणी काढायची कळ उघडी राहिली होती. शालिकराम मागून मोठ्यानं म्हणाला की मेन कळ बंद केली असती तर सोमवारीच समजलं असतं. नानाजीनं चष्मा पुसला. पण हेडमास्तर तो हेडमास्तर.

"कळ उघडी राहिली की कोणी उघडली? ते नाव सांगा."

जयवंताबाई आपली पिशवी आवरायला लागली. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. बायकांच्या घोळक्यात मागे अंजना उभी होती, आणि तिचे ओठ हलायला लागलेले मला दिसले.

"मी," मी उठून म्हटलं.

नानाजी सहा महिने त्या एका शब्दाची वाट पाहत असावेत. त्यांनी मला अर्धा तास झाडलं. हेवा माणसाला कसा आंधळा करतो, शिकलेल्या माणसाला ही बुद्धी कशी सुचते, एका गरीब बाईच्या पोटावर पाय देताना हात कसा थरथरला नाही. मी खाली मान घालून ऐकलं. यातलं निम्मं खरं होतं, फक्त पत्ता थोडा चुकला होता. सचिवपद त्याच बैठकीत गेलं, आणि ते शालिकरामला दिलं, एवढं एक बरं झालं.

ते सगळं मी सोसलं असतं. पण उठताना जिजाबाई माझ्यासमोर आली.

"तुमी?" ती म्हणाली. "रोज माह्यासंगं काला कालवत होते, रुपरावजी."

वर्षभर मी भाऊ होतो. मला जे सांगता आलं असतं ते मी सांगू शकत नव्हतो.

गुरुवारी अकराला साहेब आले. टाकी कमरेपर्यंत वर होती. साहेबांनी विहीर पाहिली, नाली पाहिली, म्हशी मोजल्या आणि म्हणाले, ज्योत दाखवा. टाकीला लागून घर आमचंच, म्हणून सारे आमच्याच स्वयंपाकघरात शिरले. अंजनानं काडी ओढली. पहिल्या दोन काड्या विझल्या. तिसरीला शेगडी पेटली, निळी, सरळ, न फडफडता. साहेबांनी कागदावर सही केली, म्हशी राहिल्या. जिजाबाई तिथंच फरशीवर बसून हमसून हमसून रडली आणि अंजनाच्या गळ्यात पडली. अंजना दगडासारखी उभी राहिली. मग तिनं हळूहळू तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो किती तरी वेळ काढला नाही.

शुक्रवारी पहाटे चारला तिनं मला हलवून उठवलं.

"उठा. नळ आला आहे. आजपासून पाणी तुमी भरा."

"आन तू?"

"काला कालवाले मी जाते. तुमच्यासंगं आता ती कालवणार नाही."

नळावर सात-आठ बायका आणि त्यांच्यात मी एकटा बाप्या, धोतर खोचून. बायका तोंडाला पदर लावून माझी मजा पाहत होत्या. सहाव्या बादलीला माझी कंबर बोलायला लागली. सोळावी भरून मी परसात आणली तेव्हा चांगलं उजाडलं होतं.

भिंतीमागून जिजाबाईचा आवाज आला. ती काहीतरी म्हशीचं सांगत होती, कोणती म्हैस कोणत्या म्हशीला गव्हाणीपाशी येऊ देत नाही असं काही. आणि मग अंजना हसली. आधी दबकत, मग मोकळी, मग थांबता येईना म्हणून खोकत. असं हसताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. मी खाकरलो. दोघी एकदम गप्प झाल्या.

मी बादली खाली ठेवली आणि आत गेलो नाही. थोड्या वेळानं त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं, अगदी हळू, मला ऐकू येणार नाही इतकं. काय बोलत असतील, माझ्याबद्दल असेल काय, इतकं काय आहे त्या बाईत की हिला वेळेचं भान राहत नाही, असा विचार करत मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. चहाची वेळ टळून गेली होती आणि मला कोणी बोलावत नव्हतं.